युरोपीय कलेचे कालखंड: सुरुवात दोन डेव्हिडपासून करा

सगळे कालखंड एकदम पाठ करायला बसू नका, नवे लोक तिथेच कंटाळतात. आधी डेव्हिडच्या (बायबलमधला, गोफणीने महाकाय गोलियाथला मारणारा वीर) दोन पुतळ्यांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवा. मायकेलँजेलोचा डेव्हिड (१५०१–०४) शांत उभा आहे, गोफण खांद्यावर, नजर दूर रोखलेली. हा रेनेसान्स काळ. बर्निनीचा डेव्हिड (१६२३–२४) कमरेतून पिळवटलेला, ओठ घट्ट दाबलेले, दगड आता सुटणारच! हा त्यानंतरचा बरोक काळ. दहा मिनिटं नुसतं बघा, फरक डोळ्यांत बसतो.

संगीतातही तेच करा. हार्पसिकॉर्डवर (पियानोसारखं दिसणारं जुनं वाद्य) बाख ऐका, हा बरोक; मग पियानोवर मोझार्ट, हा पुढचा क्लासिकल काळ. हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते, त्यामुळे बोट जोरात मारलं तरी आवाज फारसा वाढत नाही. पियानोत तो बोटागणिक बदलतो.

दोन चुका मात्र टाळा:

- चित्रकलेची आणि संगीताची सालं एकच धरू नका. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन १८७४ साली भरलं, तेव्हा संगीतातला इम्प्रेशनिस्ट म्हटला जाणारा फ्रेंच संगीतकार देब्युसी अवघा अकरा वर्षांचा होता.
- बाखला 'क्लासिकल' काळात टाकू नका. तो बरोकचा. क्लासिकल म्हणजे हायडन, मोझार्ट.

मॅनरिझम, रोकोको हे इतर कालखंड सध्या राहू द्या. या आठवड्यात ते दोन डेव्हिड बघा आणि काय दिसलं ते जरूर कळवा.