कॅमेऱ्यामागचे अंतर

प्रश्न : मी ठाण्यात राहतो आणि गेली तीन वर्षे दर रविवारी सकाळी जांभळी नाक्याच्या बाजारात छायाचित्रे काढतो. लोकांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून २०० मिमीची, म्हणजे दुरून टिपणारी लेन्स वापरतो. गेल्या महिन्यात पालेभाजी विकणाऱ्या एका मावशींनी जुडी बांधता बांधता मान वर केली आणि विचारले, "दर रविवारी फोटो काढतोस, कधी भाव तरी विचारलास का?" तेव्हापासून कॅमेरा उचलवत नाही. आधी बोललो तर सहजपणा जातो, न बोललो तर चोरी केल्यासारखे वाटते. काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मावशींना तुमच्या कॅमेऱ्याचा राग आलेला नाही, तीन वर्षे समोर असूनही तुम्ही अनोळखीच राहिलात, हे त्यांना खटकले आहे. फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याच्या उभ्या चौकटीत माणूस आपादमस्तक बसवायचा तर २०० मिमीच्या लेन्सने साधारण दहा मीटर मागे सरावे लागते, ३५ मिमीला दोनेक मीटर पुरतात. दहा मीटरवरून मोडतो तो संकोच तुमचा, समोरच्याचा नव्हे.

अर्थात नुसते जवळ जाऊन भागत नाही. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईची छायाचित्रे पावलापावलाने जवळ जात टिपली, पण तिचे नाव विचारले नाही. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होती हे जगाला १९७८ मध्ये कळले, आणि त्यांतल्या जगप्रसिद्ध ठरलेल्या छायाचित्राविषयी तिच्या मनात नाराजीच होती.

मला स्वतःला हे वाशीच्या घाऊक बाजारात उमगले. गोणीखाली वाकलेल्या एका माथाडी कामगाराचे छायाचित्र मी त्याला मोठ्या उत्साहाने दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, गोणी उतरवतो, मग काढा. घरी लावायचाय." मला त्याच्यात कष्ट तेवढे दिसले होते, घरच्या भिंतीवर आपण कसे दिसावे याचा त्याने केलेला विचार माझ्या चौकटीत कुठेच नव्हता. दुसरे छायाचित्र कलेच्या दृष्टीने साधे आले, तरी मला आजही तेच अधिक खरे वाटते.

तेव्हा आधी परवानगी मागून क्षण घालवावा, असे मी म्हणणार नाही. सहज दिसले ते टिपा. मात्र टिपल्यावर पाठ फिरवू नका, तिथेच थांबा, पडद्यावर दाखवा, आणि समोरचा नको म्हणाला तर त्याच्यादेखत पुसून टाका. येत्या रविवारी कॅमेरा पिशवीतच राहू द्या. मेथीचा भाव विचारा, एक जुडी घ्या आणि तुमच्याकडे मावशींची जी छायाचित्रे आहेत, त्यांतल्या दोन-तीन प्रती सोबत न्या. त्यांना कोणते आवडते ते त्यांनाच निवडू द्या.