पुढची कांडी कुठली भरायची?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. घरच्या खिलार गाईला एचएफची (होलस्टीन फ्रिजियन या विदेशी दुधाळ जातीची) कांडी, म्हणजे कृत्रिम रेतनाची वीर्यकांडी, भरून झालेली गाय आमच्याकडे दहा लिटर दूध देते. तिलाही एचएफच भरली होती. त्या वेताची कालवड आता पहिल्यांदा माजावर आली आहे. गल्लीतले म्हणतात, परत एचएफच भरा, दूध अजून वाढेल. काय करू?
– एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : ताई, तिसऱ्यांदा शुद्ध एचएफ अजिबात नको. तुमच्या गाईत एचएफचं रक्त 50 टक्के, कालवडीत 75. आता तीच कांडी भरलीत तर पोटची पाडी 87.5 टक्क्यांची होईल. दूध काही त्या मापात वाढत नाही. पहिल्या संकरात जो जोम असतो तो पुढे ओसरतो, आणि ऊन सोसणारं खिलारचं रक्त दर पिढीला निम्म्यावर येतं. एप्रिलमध्ये दुपारी तीनला घड्याळ धरून कालवडीची कूस किती वेळा हलते ते मोजा. सावलीत उभी असूनही मिनिटाला 60 च्या वर श्वास गेला, तर तिला ऊन झेपत नाही. अशी गाय वैरणीवरचं तोंड काढते आणि दूध आटतं.

म्हणून 50 टक्के एचएफ रक्ताच्या संकरित वळूची कांडी मागा. पाडी 62.5 टक्क्यांवर येईल. ब्राझीलनं आपल्याच गीरवर होलस्टीनचा संकर करून गिरोलांडो जात पक्की केली, तिथंही होलस्टीनचा वाटा एवढाच ठेवला. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, तो तारखेसह वहीत उतरवून घ्या. पण घाई नको. कालवडीचं वजन अडीचशे किलोच्या वर जाईपर्यंत माज सोडून द्या.

खाण्याचं मात्र मला जास्त सांगायचंय. साखर कारखाने सुरू झाले की आपल्या भागातल्या गोठ्यांत उसाच्या वाड्याशिवाय (शेंड्यांशिवाय) काही दिसत नाही. वाड्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही, प्रथिनंही कमी. एचएफचं रक्त जास्त असलेली गाय नुसत्या वाड्यावर आधी अंगानं उतरते, मग वारंवार उलटते (गाभ न राहता पुन्हा माजावर येते), आणि दोष कांडीला लागतो. वाडं निम्मं करा, जोडीला लसूणघास किंवा कडबा, पेंड आणि रोज क्षार मिश्रण द्या. गोचिडापासून होणाऱ्या थायलेरिया या तापाच्या रोगाची लसही टोचून घ्या. संकरित जनावरं त्यानं पटकन दगावतात.

आणि ती मूळची खिलार अजून दावणीला असेल, तर तिला खिलारचीच कांडी भरा. कृष्णाकाठची ‘कृष्णा व्हॅली’ ही गाईची जात आपल्या डोळ्यांदेखत विरळ झाली, खिलारचं तसं होऊ देऊ नका.