दागिना करायला बसण्याआधी तेरला जाऊन ये

नक्षीसाठी मोबाइलवर परदेशी डिझाइनं शोधत बसू नकोस. आधी धाराशिवजवळच्या तेरला जा. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळचे मणी आहेत, दगडाचे, भाजक्या मातीचे. सोबत वही ने. मण्याचा आकार, भोक, रंगांची संगत नीट बघ. मग अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातलं पद्मपाणीचं, म्हणजे हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र बघ, त्याची मोत्यांची माळ आणि मुकुट. तिथं तासभर तरी बस.

पैठणीवरचा मोर, आसावली (फुलांची वेल), मुनिया (छोटा पक्षी) धातूत छान उतरतात, पण सगळं एकाच लोलकात कोंबायचं नाही. एकच मोर घे आणि त्याला जागा दे.

चिन्हांचा अर्थ माणसांकडून समजून घे. काळे मणी दृष्ट लागू नये म्हणून; मंगळसूत्राच्या दोन वाट्या म्हणजे माहेर नि सासर, असं आपल्याकडच्या बायका सांगतात. बंजारा दागिन्यांतल्या कवड्या, नाणी, घुंगरं आवडली तर तांड्यावर जाऊन विचार, काय कोण घालतं आणि कधी. न विचारता नमुना उचलणं मला मुळीच पटत नाही.

सुरुवात तांब्याच्या तारेवर कर. वाकवून वाकवून तार कडक झाली की तापवून मऊ करायची, नाहीतर तुटते. हात बसला की ९२५ची चांदी घे, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच; तांबं, निकेल, जस्त असतं. निकेलनं अनेकांच्या कानाला खाज सुटते, म्हणून कानातल्याची तार चांदीचीच ठेव आणि गिऱ्हाइकाला धातू खरा सांग. डाग देताना, म्हणजे धातूचे तुकडे तापवून जोडताना, टाकणखार (बोरॅक्स) लाव, खिडकी उघडी ठेव.