आई-बाबांना विमानातून रॉकीज दाखवायच्यात: विमानाचा चौथा हिस्सा घ्यावा का?

प्रश्न : मी ३८ वर्षांचा, मूळ सांगलीचा. डेन्व्हरजवळ आयटीत नोकरी, एच-१बी व्हिसा, ग्रीन कार्डच्या रांगेत. घरी बायको आणि पाच वर्षांची मुलगी. अडीअडचणीसाठी चार महिन्यांचा खर्च बाजूला आहे. एप्रिलमध्ये प्रायव्हेट पायलटचं सर्टिफिकेट मिळालं, एकूण ६८ तास झालेत. जुलैत आई-बाबा येतील तेव्हा त्यांना डेन्व्हरच्या सेंटेनियल विमानतळावरून रॉकीज डोंगररांगांतल्या लेडव्हिल गावी विमानाने न्यायचं, एक रात्र राहायचं आणि परतायचं, असा बेत आहे. हॉटेलचे ३१० डॉलर भरलेत, ते परत मिळत नाहीत. या हौसेसाठी ९,००० डॉलर वेगळे ठेवलेत. क्लबचं सेस्ना १७२एस इंधनासह ताशी १८५ डॉलरला मिळतं. दुसरीकडे १९७५ च्या सेस्ना १७२एमचा चौथा हिस्सा २२,००० डॉलरला विकाऊ आहे; त्यासाठी घरावर ८ टक्क्यांनी कर्ज मिळेल. मित्र म्हणतात, भाडं म्हणजे पैसे पाण्यात. बाबा म्हणतात, उड्डाणाचा सगळा खर्च माझा. काय करावं?

उत्तर : हिस्सा घेऊ नका. हिशेब पुढे मांडतोच, पण त्याआधी एक अडचण आहे, जी विकणाऱ्याच्याही लक्षात आलेली दिसत नाही. अमेरिकेत नोंदलेलं विमान स्वतःच्या नावावर असायला माणूस अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो. एच-१बीवरच्या माणसाचं नाव मालकांत घातलं तर विमानाची नोंदणीच अवैध ठरते, म्हणजे उरलेल्या तिघांचंही विमान जमिनीवर बसतं. कंपनी काढून मालकी घेण्याची वाट आहे, पण तिथेही किमान ७५ टक्के मताधिकार नागरिकांकडे लागतो, अध्यक्ष नागरिक लागतो आणि संचालक-व्यवस्थापकांपैकी दोन तृतीयांशही. उरलेले तिघे ग्रीन कार्डवाले असतील तर ही अट पुरी होत नाही; मग विमान मुख्यतः अमेरिकेतच वापरलं जातं हे कंपनीला दाखवत राहावं लागतं. ट्रस्टमार्फत करता येतं, त्याला वकील आणि दरवर्षीची फी. चौथ्या हिश्शासाठी एवढा खटाटोप परवडत नाही.

समजा, ही अडचण नाही. तरी आकडे बघा. तुम्ही पाठवलेल्या कागदांनुसार भागीदारांचा दर इंधन आणि इंजिन-फंड धरून ताशी १३५ डॉलर, शिवाय दरमहा १९० डॉलर ठरीव. क्लबच्या तुलनेत तासाला ५० डॉलर वाचतात. ठरीव खर्च वर्षाला २,२८० आणि २२,००० वरचं व्याज १,७६०, मिळून ४,०४०. म्हणजे वर्षाला ८१ तास उडालात तर बरोबरी. नोकरी आणि लहान मूल सांभाळून ४०-४५ तास उडणंही कष्टाचं आहे. ४५ तास धरले तर वाचलेले २,२५० वजा जाता वर्षाला १,७९० डॉलर जास्तच जातात. भाडं पाण्यात जातं हे खरं, पण हे पैसे जास्त खोल पाण्यात जातात.

शिवाय त्या विमानाचं इंजिन मागच्या ओव्हरहॉलनंतर (पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीनंतर) १,७५० तास चाललंय. या इंजिनाच्या, म्हणजे लायकमिंग ओ-३२० च्या, ओव्हरहॉलची शिफारस २,००० तासांची. चौघे मिळून वर्षाला दीडशे तास उडत असतील तर दीड-पावणेदोन वर्षांत ते बिल येणार. तुम्हाला मिळालेलं कोटेशन ३६,००० चं, फंडात आहेत ६,०००. उरलेल्या ३०,००० तला तुमचा चौथा भाग ७,५००. विकणाऱ्याला नेमकं आत्ताच का विकायचंय, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणि व्हिसा. नोकरी गेली तर एच-१बीवर साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात नवी नोकरी किंवा बिऱ्हाड हलवण्याची तयारी. अशा वेळी विमानाचा पाव हिस्सा विकत बसायचं आणि घरावरच्या कर्जाचे हप्तेही भरायचे? तुमची शिल्लक चारवरून सहा महिन्यांच्या खर्चाएवढी करणं हे मी कुठल्याही विमानाच्या आधी धरीन.

आता खुद्द उड्डाण. त्याचा खर्च भाड्यात कमी आणि बेत रद्द करण्यात जास्त आहे. लेडव्हिलचा विमानतळ ९,९३४ फुटांवर, उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच. धावपट्टी ६,४०० फूट. जुलैत सकाळी ११ वाजता तिथे २० अंश सेल्सिअस असलं तर डेन्सिटी अल्टिट्यूड १२,९०० च्या आसपास जाते. म्हणजे विमानाला ती हवा १२,९०० फुटांवरच्या हवेसारखी विरळ वाटते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावतं, पंखांना आणि पंख्याला तीच पातळ हवा. १७२एसचं सर्व्हिस सीलिंग १४,००० फूट. सर्व्हिस सीलिंग म्हणजे जिथे विमान मिनिटाला जेमतेम १०० फूट चढतं. डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला खाली येणारी हवा मिनिटाला ५०० फूट सहज खेचते. हँडबुक उघडून बघा: १७२एसच्या टेकऑफ तक्त्यात प्रेशर अल्टिट्यूडची (हवेच्या दाबावरून मोजलेल्या उंचीची) शेवटची ओळ ८,००० फुटांची आहे. लेडव्हिल त्या तक्त्याच्या बाहेर आहे. आणि तक्त्यातले आकडे नव्या इंजिनाचे आणि कसलेल्या टेस्ट पायलटचे असतात.

वजनाचं तुम्ही बरोबर केलंय. तुम्ही ८२ किलो, बाबा ७४, आई ६६, सामान १५. एकूण ५२२ पौंड. विमानाचा उपयुक्त भार ८७० पौंड, त्यात पूर्ण ५३ गॅलन इंधनाचे ३१८ पौंड घातले तरी बसतं. बायकोचे १३२ पौंड मिळवले तरी ३६ गॅलनसह बसतं. कागदावर बसतं, हवेत नाही. (आणि तुम्ही नवरा-बायको दोघंही एका छोट्या विमानात, मूल जमिनीवर, असा बेत मृत्युपत्र आणि पालकत्वाचे कागद तयार नसताना करूच नये.)

आता वेळापत्रक बघा. जुलैत दुपारी ढग फुटतात, त्यामुळे डोंगरातलं उड्डाण १०-११ च्या आत संपवायचं असतं. १२,००० फुटांवर वाऱ्याचा अंदाज २५ नॉटच्या (ताशी सुमारे ४६ किलोमीटरच्या) पुढे असेल तर अनुभवी माणूसही जात नाही. तुमच्यासाठी मी १५ धरीन. म्हणजे रविवारी सकाळी निघता येईलच याची खात्री नाही. दोन दिवस अडकलात तर? क्लबचं किमान भाडं दिवसाला ३ तासांचं असेल (आधी विचारा, रात्र बाहेर काढली की बहुतेक ठिकाणी लागतं), तर १,११० डॉलर. हॉटेल ६२०. झाले १,७३०, शिवाय सोमवारची रजा. आणि विमान तिथे सोडून गाडीने परतलात तर ते आणायला इन्स्ट्रक्टर पाठवण्याचा खर्च वेगळा. एवढी रक्कम ‘थांबू या’ म्हणण्यावर लागली आहे. बाबा-आई तयार होऊन बसलेत, हॉटेलचे पैसे गेलेत, सोमवारी मीटिंग आहे, आणि खिंडीवर ढग उतरलेत, तेव्हा नवा पायलट जातो. म्हणून पैसे अशा रीतीने लावा की रद्द करणं स्वस्त राहील. मुक्काम नाही, आगाऊ बुकिंग नाही, दोन शनिवार-रविवारचे पहाटेचे स्लॉट राखून ठेवा. उडालात तेवढ्याचेच पैसे.

डोंगर बघायला डोंगरात शिरावंच लागतं असं नाही. सेंटेनियलहून दक्षिणेला कॅसल रॉक, पामर लेक, आणि १४,११५ फुटांच्या पाइक्स पीकच्या पूर्वेकडून फेरी, १.६ तास, २९६ डॉलर. खिंड नाही, उंच विमानतळ नाही, दरवेळी डाव्या-उजव्या हाताला मैदान. एकच सावधगिरी: वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे पूर्वेची बाजू आडोशाची, तिथेच खवळलेली हवा. शिखरांवर २० नॉटच्या पुढे वारा असेल तर जवळ जायचंच नाही. कोलोरॅडोने खिंडींवर हवामान केंद्रं बसवली आहेत, त्यांचे आकडे सकाळी निघण्यापूर्वी बघता येतात.

लेडव्हिल सोडून देऊ नका, पण आधी इन्स्ट्रक्टरबरोबर जा. कोलोरॅडो पायलट्स असोसिएशन माउंटन फ्लाइंगचा अभ्यासक्रम घेते. तो नसेल जमत तर क्लबच्या डोंगर जाणणाऱ्या इन्स्ट्रक्टरकडे. ४ तास वर्ग आणि ५ तास उड्डाण, ८० डॉलरचा इन्स्ट्रक्टर धरून १,६४५ डॉलर. मार्ग नेहमीचा घ्या: केनोशा खिंड, साउथ पार्क, ट्राउट क्रीक खिंड, मग आर्कान्सा नदीच्या खोऱ्यातून वर. लांब पडतो, पण लेडव्हिलच्या पूर्वेच्या मॉस्किटो रांगेचा उंच भाग ओलांडावा लागत नाही. विकाऊ १७२एमचं सर्व्हिस सीलिंग १३,१०० फूट. त्याच रांगेतल्या ११,९२१ फुटांच्या वेस्टन खिंडीवरून हजार फूट अंतर ठेवून ते नेणं म्हणजे काय, हे या उड्डाणात आपोआप कळेल.

विम्याकडे तुम्ही पत्रात लक्षच दिलेलं नाही. क्लबचा हल विमा (विमानाच्या नुकसानीचा) क्लबला वाचवतो, तुम्हाला नाही. विमा कंपनी नुकसान तुमच्याकडून वसूल करू शकते. भाड्याने उडणाऱ्यांसाठी वेगळी ‘नॉन-ओन्ड एअरक्राफ्ट’ पॉलिसी मिळते. दायित्व आणि विमानाचं नुकसान असे दोन्ही भाग घ्या. ५५० डॉलर धरून ठेवा. प्रवाशामागे मर्यादा बहुधा १,००,००० डॉलरची असते, आणि घरचे लोक त्यात येतात का हे लेखी विचारा. घराचा विमा किंवा अम्ब्रेला पॉलिसी (इतर विम्यांच्या वरचा जादा दायित्व विमा) विमान सहसा वगळतात. नोकरीतल्या अपघात विम्यात स्वतः विमान चालवणं बहुतेक वेळा वगळलेलं असतं. भारतातल्या पॉलिसीच्या अपघात रायडरमध्येही तेच. टर्म विमा फ्लाइंग शिकण्याआधी घेतला असेल आणि अर्जात खोटं काही नसेल तर तो सहसा चालतो, पण वगळणुकीचं कलम स्वतः वाचा.

बाबांचा प्रेमळ प्रस्ताव नाकारा. प्रायव्हेट पायलटने इंधन, तेल, विमानतळाचा खर्च आणि भाडं यांतला स्वतःचा वाटा तरी भरलाच पाहिजे असा नियम आहे. तिघे असाल तर २९६ पैकी किमान ९८ डॉलर ६७ सेंट तुमचे. बाबांना अगदीच राहवत नसेल तर ते जास्तीत जास्त दोघांचे वाटे देऊ शकतात. बाकी पैसे नातीच्या नावाने ठेवायला सांगा.

९,००० चं वाटप मग असं होतं: प्रशिक्षण १,६४५, एकट्याने ३ तास सराव ५५५, विमा ५५०, आपत्कालीन लोकेटर आणि ऑक्सिमीटर ४००, आई-बाबांची फेरी २९६. एकूण ३,४४६. उरलेले ५,५५४ अडचणीच्या शिल्लकेत टाका. जुलैत प्रवासी नेण्यासाठी त्याआधीच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ-लँडिंग पूर्ण असावी लागतात, हे सरावाच्या तासांत बसवून घ्या.

हॉटेल रद्द करू नका, गाडीने जा. आय-७० ने कॉपर माउंटन, तिथून ९१ क्रमांकाचा रस्ता. डेन्व्हरहून सुमारे दोन तास. लेडव्हिल गाव १०,००० फुटांच्या वर आहे आणि सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. आई-बाबांना आधी डेन्व्हरमध्ये चार-पाच दिवस राहू द्या, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि आल्या आल्या त्यांच्या व्हिजिटर विम्यात छोट्या खासगी विमानातला प्रवास वगळलाय का ते बघा. वगळलेला असेल तर पाइक्स पीकची फेरीही दुसरी पॉलिसी मिळेपर्यंत पुढे ढकला.