सायकलचा क्रँक (पेडल बसतं तो दांडा) ढिला झालाय? आवळण्याआधी हे बघा

आधी दोष नेमका कुठे ते ओळखा. क्रँक धरून आडवा हलवा. दोन्ही क्रँक एकत्र हलले तर बेअरिंग ढिली. एकच हलला तर तोच क्रँक.

चौकोनी एक्सल (दोन्ही क्रँक जोडणारा आस) असेल तर बहुधा 14 मिमीचा सॉकेट किंवा 8 मिमीची ॲलन की पुरते. बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावून आवळा: फूटभर दांडीच्या टोकाला साधारण 12 किलोचा जोर. दोन्ही बाजूंचे बोल्ट घड्याळाच्या दिशेनेच आवळतात (उलटे आटे डाव्या पेडलला असतात, क्रँकच्या बोल्टला नाही). पहिल्यांदा सायकल चालवून आल्यावर पुन्हा तपासा.

नेहमीच्या चुका:
- ढिल्या क्रँकवर सायकल दामटणं. चौकोनी भोक गोलावतं, मग क्रँक बदलण्यावाचून इलाज नाही.
- कॉटर पिन (काही सायकलींत क्रँक एक्सलवर पक्का धरणारी पाचरीसारखी पिन) नटाने ओढून बसवणं. आटे जातात. क्रँकखाली भक्कम आधार देऊन पिन ठोका, नट नंतर.