टायर पंक्चर झालाय, दुकानदार म्हणतो बदलावाच लागेल. खरं आहे की लुबाडणूक? नवा टायर केवढ्याला पडेल?

लुबाडणूक हा शब्द तुम्ही प्रश्नातच लिहिलात, म्हणून उत्तर द्यायला बसलो. आमच्या वडिलांचं जालन्यात, देऊळगाव राजा रोडला पंक्चरचं दुकान होतं. जालन्यात सळईचे कारखाने, भंगाराचे ट्रक दिवसरात्र चालू, रस्त्यावर लोखंडाचे तुकडे पडलेले. गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. आणि नवे टायर आम्ही विकतच नव्हतो, त्यामुळे कुणाचा टायर मुद्दाम बाद ठरवून आम्हाला काही मिळणार नव्हतं.

तुम्ही लिहिलंय की हवा गेल्याचं कळल्यावर दोन-तीन किलोमीटर गाडी हळूहळू दुकानापर्यंत चालवत नेली. मग दुकानदार बहुतेक खरं बोलतोय. पण त्याने टायर रिमवरून उतरवून तुम्हाला आतून दाखवला का? नसेल तर आधी ते करायला लावा. बाहेरून बघून यातलं काहीही कळत नाही.

आमच्या दाजींचं सांगतो. बहीण आणि दाजी रात्रीचे चिखलीहून जालन्याला येत होते. वाटेत मागचा टायर बसला. स्टेपनीत हवा नव्हती. दाजींनी गाडी तशीच रेटत पुढच्या पंपापर्यंत आणली, तिथे हवा भरली आणि मग थांबत, भरत घर गाठलं. सकाळी गाडी दुकानासमोर उभी. बाहेरून बघाल तर टायर ठणठणीत, नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक.

वडिलांनी टॉमी, म्हणजे लोखंडी पट्टी, घालून टायर उतरवला आणि उलटा धरून झटकला. आतून काळी भुकटी पडली, चहाच्या पावडरीसारखी. मग त्यांनी कडेच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं आणि मलाही फिरवायला लावलं. गोल फिरत गेलेला चरा हाताला लागत होता, एका जागी आतला धागा उघडा पडला होता. हवा नसताना गाडी चालवली की रिम आणि रस्ता यांच्यामध्ये टायरची कड चेपली जाते. आतलं रबर घासून त्याची भुकटी होते, धागे तुटतात. भोक बुजवता येतं, धागा जोडता येत नाही.

वडील म्हणाले, "जावईबापू, हा टायर आता चालवू नका. गावातल्या गावात पण नको." दाजी म्हणाले, "मामा, खिळा तर एवढासा आहे." दुपारी त्यांनी दुसऱ्या दुकानात जाऊन, टायर न उतरवता, बाहेरूनच रबराची स्ट्रिप मारून घेतली. शंभर रुपयांत काम झालं, हे रात्री जेवताना सगळ्यांना ऐकवलं.

उन्हाळ्यात समृद्धीवर, मेहकरच्या आसपास, तोच टायर फुटला. मागचा टायर गेला की गाडीचा मागचा भाग फिरतो, स्टेअरिंगने आवरत नाही. बहीण आणि भाचा आत होते. गाडी कठड्याला घासत जाऊन थांबली, कुणाला लागलं नाही हे नशीब. मी नंतर तो टायर पाहिला. स्ट्रिप जिथल्या तिथे होती, कड मात्र गोलाकार फाटून सुटली होती.

तेव्हापासून दाजी प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की सिमेंटचा रस्ता तापतो म्हणून टायर फुटतात. रस्ता तापतो, मान्य. मग त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात बाकीचे तीन टायर कसे टिकले? ते तिन्ही हवेशिवाय चालले नव्हते, एवढाच फरक. वडिलांनी हा विषय परत काढला नाही, जावयाला काय बोलायचं म्हणून. मी बोलणार. टायर उतरवून, बघून "बाद आहे" सांगणारा पंक्चरवाला हातातली कमाई सोडत असतो. त्याला लुटारू म्हणायचं आणि न बघता स्ट्रिप ठोकून देणाऱ्याला चांगला म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

आता पैशांचं. लहान गाडीचा 13-14 इंची टायर साधारण तीन ते पाच हजार, 15 इंची साडेचार ते साडेसहा, एसयूव्हीचा 17 इंची आठ हजारांच्या पुढे. सप्टेंबर 2025 मध्ये टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, त्यामुळे जुन्या भावावर जाऊ नका. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे पैसे वेगळे. टायरच्या कडेवर DOT या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, ती टायर बनल्याची तारीख. 1425 म्हणजे 2025 चा 14 वा आठवडा. फार जुना माल असेल तर घेऊ नका, स्वस्त दिला तरी. चारही बदला म्हणत असेल तर बाकीच्यांची नक्षी बघा. खाचेतल्या उंचवट्याच्या पातळीला, म्हणजे 1.6 मिलिमीटरवर आली असेल तर तो बरोबर आहे, नाहीतर एक किंवा जोडी पुरे. जोडी घेतलीत तर नवे टायर मागे लावा, पुढे नाही. विम्याचं म्हणाल, तर साध्या पॉलिसीत नुसत्या टायरचं काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तरच, आणि तेही टायरच्या किमतीच्या निम्मं. दाजींची गाडी कठड्याला घासली म्हणून त्यांना ते निम्मे मिळाले.

हेही सांगायला हवं की सगळे पंक्चरवाले आमच्या वडिलांसारखे नसतात. हायवेवर साबणाचं पाणी लावता लावता टोच्याने नवी भोकं पाडणारे आहेत, आणि भोकामागे पैसे घेतात. तुम्ही गाडीत बसून मोबाइल बघू नका, टायरजवळ उभे राहा, बुडबुडा दाखवल्याशिवाय एकही भोक मोजू देऊ नका. आणि ट्यूबचा टायर असेल तर आधी नवी ट्यूब विकायचा प्रयत्न होतो, तिथे जुनी ट्यूब पाण्यात बुडवून बघायला सांगा.

तुमच्या टायरच्या आत भुकटी नसेल, कड आतून गुळगुळीत लागत असेल, भोक सहा मिलिमीटरपेक्षा लहान आणि मधल्या नक्षीत असेल, तर आतून मशरूम पॅच, म्हणजे देठाने भोक बुजवणारा छत्रीसारखा पॅच, मारून घ्या. तीनशे ते सहाशे रुपये जातील आणि टायर नीट चालेल. तसं असूनही तो बदलाच म्हणत असेल, तर तुमचा संशय बरोबर आहे, गाडी दुसऱ्या दुकानात न्या. पण स्टेपनी लावून न्या.