क्रूझरची सीट, हँडल आणि रंग

प्रश्न : माझी बजाज ॲव्हेंजर 220 क्रूझ ही क्रूझर मोटारसायकल आहे. दर आठवड्याला पुण्याला जातो. परतताना खंबाटकी घाट लागेपर्यंत माकडहाड ठणकू लागते. खांद्याच्या वर जाणारे ‘एप हँगर’ हँडल, पातळ एकेरी सीट आणि मॅट काळा रंग असे बदल करावेत, असे मनात आहे. सुरुवात कशापासून करावी? – एक वाचक, सातारा

उत्तर : सीटपासून, मात्र पातळ सीट आपले दुखणे वाढवील. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला तरी फूटरेस्टवर भार देऊन उठता येत नाही आणि प्रत्येक दणका थेट माकडहाडावर येतो. फोम फार मऊ असेल, तर तो तासाभरात दबतो आणि आपण सीटखालच्या कडक पत्र्यावर किंवा प्लास्टिकवरच बसल्यासारखे होतो. म्हणून खाली घट्ट फोम, त्यावर मऊ फोमचा पातळ थर आणि कमरेला टेकेल असा मागचा उंचवटा, अशी रचना कारागिराकडून करून घ्यावी. बैठकीच्या मध्यभागी शिवण नसावी, कारण ती टोचते आणि पावसात तिच्यातून पाणी फोममध्ये उतरते. मूळ सीट कापू नका. पुण्याच्या नाना पेठेत दुसरी सीट घेऊन तीच बदलून घ्यावी.

मागे कोणी बसणार असेल, तर पकडण्यासाठी हँडल, फूटरेस्ट आणि साडीगार्ड नियमानुसार आवश्यक आहेत, हेही एकेरी सीटचा मोह धरताना लक्षात असू द्यावे.

क्रूझचे हँडल मुळातच उंच आहे. हात खांद्याच्या वर राहिले की बोटांना मुंग्या येतात. छायाचित्रात ते दिसत नाही, एवढेच! शिवाय क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, पुढच्या ब्रेकचा पाइप आणि स्विचचे वायरिंग हे सारे लांबवावे लागते. त्याआधी हँडल धरून ठेवणारा क्लॅम्प सैल करून आहे तेच हँडल थोडे आपल्याकडे वळवून पाहावे. यात खर्च काहीच नाही. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. इंजिनचा आवाज आपोआप वाढला, तर केबल ताणली जात आहे, असे समजावे.

रंगाची नोंद आरसी पुस्तकात असते; त्यामुळे तो बदलण्यापूर्वी आरटीओत रीतसर अर्ज करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. कायद्याला मान्य नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सॅडल बॅग (सीटच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्या) आणि विंडशील्ड (वारा अडवणारी पुढची काच) यांना मात्र रंगाप्रमाणे नोंद लागत नाही, आणि आपल्या महामार्गावरील प्रवासात विंडशील्डचा उपयोग काळ्या रंगापेक्षा नक्कीच अधिक होईल.